तीन पिशव्या पाला

हॉस्टेलच्या खोलीत पाला वाळत नाही म्हणून मी तो घरी नेला. माझ्या हातून झालेली गोष्ट म्हणाल तर एवढीच. पुढं जे झालं ते माझ्या घराण्याच्या इभ्रतीमुळं झालं, आणि ती माझ्या हातात कधीच नव्हती.

मी तेव्हा आदिलाबादला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या तामसीत एम.एस्सी. काय असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं ते फार मोठं असणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. वडिलांनी, म्हणजे बाबारावांनी, निकालाची वाट न पाहता गावभर मला ‘सायंटिस’ करून टाकलं होतं. बैलाचं पोट फुगलं तरी लोक मला विचारायला येत. (मी गंभीर चेहरा करून गुळाचं पाणी सांगायचो. बैल आपापले बरे व्हायचे.) त्या हिवाळ्यात पास झालो नसतो तर मला तामसीच्या बसमधून उतरायला तोंड राहिलं नसतं.

माझ्या प्रबंधाचा विषय होता हरभरा. हरभऱ्याच्या पाल्याला जो आंबटपणा असतो तो मातीप्रमाणं बदलतो का, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी तीन पिशव्यांत मूठ मूठ पाला आणला : एक आमच्या तामसीच्या वावरातला, एक जैनथकडचा, पेनगंगेच्या काळ्या जमिनीतला, आणि एक पार प्राणहितेकडच्या बेज्जूरच्या जंगलातल्या जमिनीतला. बेज्जूरच्या त्या मूठभर पाल्यासाठी मी दोन बस आणि एक बैलगाडी बदलली होती, आणि गाडीवाल्यानं शेवटपर्यंत मला वनखात्याचा माणूस समजून तोंड उघडलं नव्हतं.

आणि तो हिवाळा. सूर्य जणू बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला. रोज ढग, रोज बारीक झडी, अंगावरची गोधडीसुद्धा ओलसर. खोलीत दोरीवर माझे दोन सदरे आठ दिवस वाळत नव्हते, तिथं पाला काय वाळणार? त्याला बुरशीचा वास येऊ लागला तेव्हा मी तिन्ही पिशव्या उचलल्या, तामसीची बस धरली आणि बायकोच्या, पंचफुलाच्या, हवाली केल्या. आमच्याकडं बायका हरभऱ्याचे शेंडे खुडून, वाळवून वर्षभराच्या भाजीला ठेवतातच. चुलीच्या वर टांगलेल्या सुपात पाला कसा वाळवायचा हे तिला सांगावं लागत नव्हतं. मी फक्त बजावलं की पिशव्यांवर गावांची नावं आहेत, एकमेकांत मिसळायच्या नाहीत. तिनं मान हलवली. मान हलवताना ती जरा नाराज दिसली, पण संशोधकानं असल्या बारीकसारीक गोष्टींकडं लक्ष द्यायचं नसतं.

आठवड्यानं पिशव्या परत घेतल्या तेव्हा पाला कसा कुरकुरीत वाळला होता. पिशव्या फुगल्या होत्या आणि जड लागत होत्या. वाळल्यावर वस्तू हलकी होते हे मला शाळेपासून माहीत होतं. पण मी म्हटलं, हवेत दमटपणा आहे. (मला पदवी देताना विद्यापीठानं हे वाक्य वाचलं नाही हे माझं नशीब.)

प्रयोगशाळेत एकेका गावचा पाला तपासला. तामसीचा आंबटपणा, जैनथचा आंबटपणा आणि बेज्जूरचा आंबटपणा अगदी सारखा. पुन्हा केलं, पुन्हा सारखा. आधी मला घाम फुटला, मग छाती फुगली. हा शोध होता. काळी माती, तांबडी माती, जंगल, नदी, कशाचंच हरभऱ्याला सोयरसुतक नाही. मी त्या जोशात पानंच्या पानं लिहिली आणि वर नाव घातलं, ‘पेनगंगा ते प्राणहिता : आंबटपणाची समानता’.

माझे मार्गदर्शक नरसिंहाचारी सर. माणूस वरंगलकडचा तेलुगू, पण आदिलाबादला राहून मराठी पुरतं समजणारा. त्यांनी कागद दोनदा वाचले आणि चष्मा पुसला. असं कधी पाहिलं नाही, म्हणाले. मला ते कौतुक वाटलं. येत्या रविवारी तामसीला येऊन वावर पाहतो, असंही म्हणाले.

सर येणार म्हटल्यावर वडिलांनी ओसरी सारवून घेतली आणि अर्ध्या गावाला सहज म्हणून बसवून ठेवलं. वावर पाहून झालं. जेवायला ज्वारीची भाकर, ठेचा आणि हरभऱ्याच्या वाळल्या पाल्याची भाजी. सरांनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली आणि दाराआडच्या पंचफुलाला हिंदीत म्हणाले की तुम्ही चंपतरावांचा, म्हणजे माझा, पाला फार छान वाळवलात, एवढा स्वच्छ नमुना आजवर कुणी आणला नव्हता.

कौतुक ऐकून ती दाराआडून अर्धी बाहेर आली.

“हे मूठ मूठ पाला घेऊन आले होते, सर. एवढूसा पाला घेऊन आमच्या घरचा माणूस मास्तरायच्या दारात उभा राह्यला तर तुमी काय म्हटलं असतं? यायच्या घरी वावर हाये का नाई?”

“फिर?” सरांनी घास खाली ठेवला.

“मंग मी आपल्या वावरातला भरला तिनई पिशव्यायत. मिसळलं नाई हो, ज्याच्या त्याच्या पिशवीतच घातला. अन् पह्यलेचा पाला किडका होता, तो निवडून फेकला.”

सर माझ्याकडं पाहत होते. मी ठेच्याकडं.

“चंपतराव,” सर हळूच म्हणाले, “बेज्जूर कहां है इसमें?”

पंचफुलानं एकदा सरांच्या तोंडाकडं पाहिलं, एकदा माझ्या, आणि तिचा चेहरा पडला.

“काऊन? कमी पडला काय?”

सर हसले. ठसका लागेपर्यंत हसले, मग पाणी प्यायले आणि भाजी संपवली. मला तिच्यावर रागवायचं होतं, पण जमलं नाही. माझी मान खाली जाऊ नये म्हणून जिनं घरची वर्षाची भाजी माझ्या पिशव्यांत ओतली, तिच्यावर रागवायचं तरी कसं? खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा अभिमानच वाटला. प्रबंधाचा मात्र निकाल लागला होता. हरभऱ्याचा हंगाम सरला होता, आणि सरांनी सांगितलं की पुढच्या हिवाळ्यात सगळं पहिल्यापासून करायचं, म्हणजे आणखी एक वर्ष.

सरांना बसमध्ये बसवून परत आलो तर ओसरीवरची माणसं तशीच बसलेली. पदवीला आणखी एक वर्ष लागणार हे वडिलांना मी निघतानाच सांगितलं होतं. आता गावासमोर त्यांचं नाक कसं राहणार, या काळजीनं मी दारातच थबकलो. ते खाकरून सांगत होते :

“दुसऱ्यायच्या पोरायले दोन सालात काढून देते कालेजातून. आमच्या चंपतले मात्र सर सोडूनच नाई राह्यले.”

सगळ्यांनी वळून माझ्याकडं आदरानं पाहिलं. मी शरमेनं मान खाली घातली, तर एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “पाह्य, एवढा शिकला, पन गर्व नाई पोराले.”