डब्यातला टोमॅटो, कुकरमधलं गाजर

तोतारामनाना दोन महिन्यांपासून घरी जेमतेम अर्धी भाकरी खात होते, आणि त्यावरून भडगावच्या त्यांच्या स्वयंपाकघरात नणंद-भावजयीची जुंपली होती. लेक कामिनी धुळ्याहून आली ती निकाल लावायलाच. वहिनीच्या हातचं नानांना मानवत नाही असं ठरलं, की ती त्यांना कायमची घेऊन जाणार होती. आल्या आल्या तिने पिशवीतून टोमॅटोचा सीलबंद डबा काढून ओट्यावर ठेवला.

"मळामा टमाटा शेतस, अन् तू डबा लयनी?" नाना म्हणाले.

"नाना, यात लायकोपीन असतं. वहिनी गाजरं शिजवतात, त्यातलं क जीवनसत्त्व पाण्यातच जातं."

"आणि अ जीवनसत्त्व?" सून दिपमालाने मोबाईल पुढे केला. "गाजरापुढे टोमॅटो कुठेच नाही. डब्यावर मीठ किती लिहिलंय तेही वाचा, ताई. नानांना बीपी आहे."

"माले कोठेच जानं नही," नाना म्हणाले. पण जीवनसत्त्वांच्या भांडणात खाणाऱ्याला कोण विचारतो?

शेवटी दोन्ही पदार्थ नानांपुढे ठेवायचे ठरले. दिपमालाने कुकर चढवला. डबा उघडायचं यंत्र मात्र घरात नव्हतं. नानांना एकदम बायकोची, लताबाईंची आठवण झाली. त्या तेलाचा डबा खिळा आणि बत्त्याने दोन ठोक्यांत उघडत. जीवनसत्त्व हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ताट वाढून समोर बसत आणि ते रिकामं होईपर्यंत उठत नसत. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं, तरी नाना जेवताना अजून समोर बघत.

नानांनी खिळा लावला, बत्ता हाणला. लाल चिळकांडी थेट कामिनीच्या नव्या साडीवर उडाली. दिपमाला पाणी घेऊन धावली, डाग चोळता चोळता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, आणि झाकण उघडलं तेव्हा गाजराचा लगदा झाला होता. दोघी हताश होऊन पाटावर बसल्या.

तेवढ्यात मागच्या आळीतल्या भिकुबाई झाकलेलं पातेलं घेऊन दारात आल्या.

"नाना, आज जेवाले काबरं उनात नही? फुणका थंडा व्हई ग्यात."

नाना भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"रोज तिकडे जेवता?" दिपमालाने विचारलं. "तुम्ही तर दुपारी वाचनालयात पेपर वाचायला जाता ना?"

"रोज नही," नाना पुटपुटले. "रविवारले वाचनालय बंद ऱ्हास."

कामिनीने तुरीच्या डाळीचा एक वाफवलेला फुणका उचलला, पातेल्यातल्या कढीत बुडवला आणि तोंडात घातला. दुसरा उचलताना तिचा हात थांबला.

"आईचे आहेत हे," ती म्हणाली.

"लताअक्कानीच शिकाडं माले," भिकुबाई म्हणाल्या. "मी समोर बसस, तवयच जेवतस नाना."

दिपमालाने डोळे पुसले. सासूबाईंना ती कधी काही विचारायला गेली नव्हती, हे तिला आता फार लागलं. कामिनीने नाकावरून पदर फिरवला; तो टोमॅटोने माखलेला होता, म्हणून नाक लाल झालं.

"भिकुबाई, उद्याही करणार का?" तिने विचारलं.

"हो ना."

"मग मी परवाच्या एसटीने जाते. एकटीच."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना पेपर वाचायला निघाले, तेव्हा कामिनी आणि दिपमालाही चपला घालून दारात उभ्या होत्या.