फाटकासमोरचे तीन खांब

गावाहून परतल्यावर चष्मेवाल्यांनी आधी हे आपलंच घर आहे ना, याची खात्री करून घेतली. समोर नवीकोरी पायवाट झाली होती, तिच्या कडेने सायकलींचा हिरवा पट्टा आखला होता आणि बरोबर फाटकाच्या तोंडाशी कमरेइतके तीन लोखंडी खांब रोवले होते. आत अंगणात, पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या मेहुण्याने जागेअभावी ठेवलेली गाडी अडकली होती. दुपारी तीच गाडी दवाखान्यात न्यायची होती. मेहुण्याची बायको बाळंत होऊन आज घरी जाणार होती.

"अहो, आता गाडी काय भिंतीवरून काढायची?" बायकोने विचारलं.

चष्मेवाले तडक नगरपालिकेत गेले. इंजिनियरने त्यांना खुर्ची दिली, वर आभारही मानले. लोक पायवाटेवर गाड्या लावतात, खांब रोवा, म्हणून वॉर्डाच्या सभेत चष्मेवाल्यांनीच घसा फोडला होता. तेव्हा कुठे निधी त्यांच्या रस्त्याच्या वाट्याला आला होता.

"अहो, पण माझ्या फाटकासमोर?"

"फाटक बंद होतं, साहेब. बंद फाटक आणि भिंत यांत निधीच्या दृष्टीने फरक नाही."

खांब काढा म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. या निधीतून खांब रोवता येत, उपटता येत नसत. एखाद्या पादचाऱ्यालाच अडचण होत असेल, तर गोष्ट वेगळी.

"मला होते की," चष्मेवाले म्हणाले.

इंजिनियर लगेच पाहणीला आला. त्याने चष्मेवाल्यांना खांबांमधून चालायला लावलं. ते सरळ बाहेर पडले. पोट फुगवून पुन्हा गेले, तरी कुठे घासलं नाही. बायको तर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आरामात निघाली आणि वर, काय छान वाटतं हो चालायला, असंही म्हणाली. इंजिनियर खूश झाला. आपण नक्की कोणाच्या बाजूने भांडतोय, हेच चष्मेवाल्यांना कळेनासं झालं. मेहुण्याचे फोन वाजत होते. ते उचलायचाही त्यांना धीर होईना.

शेवटी वाट बघून कंटाळलेला मेहुणाच वळणावर दिसला. तो दवाखान्याची चाकांची खुर्ची ढकलत येत होता. खुर्चीत बायको, तिच्या मांडीवर तान्ही लेक. नव्या पायवाटेवरून खुर्ची लोण्यासारखी आली आणि फाटकातून आत वळताना दोन खांबांच्या मध्ये तिरकी होऊन गच्च रुतली.

"हे पादचारी म्हणायचे का?" इंजिनियर डोकं खाजवत पुटपुटला.

"मग काय विमानातले?" चष्मेवाल्यांच्या बायकोने विचारलं.

पट्ट्यावर रंग देणारी माणसं बोलावली गेली. बऱ्याच खटाटोपानंतर मधला खांब निघाला आणि गाडीपुरती वाट झाली. चष्मेवाले धावत आत गेले आणि गाडीची किल्ली घेऊन आले. मेहुण्याने ती हळूच त्यांच्या हातात परत ठेवली.

"राहू दे, भावजी. रस्ताभर पोरीने डोळा उघडला नाही. आता गाडीत घालून कशाला उठवायची? असेच जातो घरी."

खुर्ची वळली आणि आवाज न करता निघूनही गेली. उपटलेला खांब धरून इंजिनियर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"साहेब," त्याने दबक्या आवाजात विचारलं, "मग हा परत रोवू?"