बॉबीनची कंबर बावीस

"बरगड्या मोजता येतायत तिच्या," बायको म्हणाली.

"तू बरगड्या मोज, मी कंबर मोजतो!" टेलरमास्तर गरजले. गळ्यातली टेप काढून त्यांनी बॉबीनच्या पोटाभोवती गुंडाळली. "बावीस! गाभण राहायच्या आधी किती होती? वहीत बघ. बावीस! पाच पिलं झाली, महिना होत आला, आणि माप जागेवर. या घरात बाळंतपणानंतर कंबर जागेवर आणणारी ही पहिलीच."

त्या दिवशी मास्तरांना दुपारचा चहा मिळाला नाही.

बॉबीन ही मास्तरांची लाडकी कुत्री. दुकान पुढे, घर मागे आणि मधल्या दारात तिची गोधडी. मास्तरांचा जीव होता तिच्यावर, पण माणसांच्या डोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गिऱ्हाईक आरशात बघून वाट्टेल ते बोलतं, टेप खोटं बोलत नाही, हे त्यांचं तीस वर्षांचं मत. त्यामुळे बॉबीनचा खुराक पूर्वीइतकाच, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. जास्त घातलं तर बाई सुटेल म्हणे! पिलं दिवसभर तिला लुचायची आणि तरीही कुईकुई करायची. मास्तर म्हणायचे, हावरट आहेत मेली.

त्यात गेला महिनाभर सगळं जग त्यांच्या मापांवर उठलं होतं. बँकेतला कॅशियर नवी पँट एका हाताने धरूनच दुकानात शिरला.

"मास्तर, हात सोडला तर खाली येते ही."

"माप दिल्यावर तुम्ही उतरलात, साहेब."

"उतरलो? अहो, तीन किलो वाढलोय मी!"

"मग वजनकाटा बदला!"

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. लोक आपणहून वाळतात आणि खापर टेलरच्या डोक्यावर! त्यांची स्वतःची नवी पँटसुद्धा पहिल्याच दिवशी कमरेवरून घसरली होती. ते कुणाला बोलले का? नाही. कामाने आपण खंगलो हे त्यांनी मुकाट्याने ओळखलं, पट्टा आवळला आणि रोज दोन उकडलेली अंडी न् पेलाभर दूध सुरू केलं.

अशात एके दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मास्तरांकडून शिवून घेतलेल्या पांढऱ्या कोटात आणखी एक डॉक्टरीण आरामात मावली असती. त्या कोटावरूनच भांडायला आल्या होत्या, पण बॉबीन दिसली आणि त्या खालीच बसल्या. तिच्या फासळ्यांवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "हिला खायला किती घालता?"

"पूर्वीइतकंच. दोन वेळा."

"पूर्वी ती एकटी होती, मास्तर! आता सहा जणांचं जेवायचंय तिला. पाजणाऱ्या कुत्रीला दुपटी-तिपटीने लागतं. दिवसातून चार वेळा घाला, पिलांसाठी मिळतं ते खाद्य हिलाच द्या, पाणी सतत भरलेलं ठेवा. दूध आटलं तर पिलं जगायची नाहीत, आणि ही तरी किती दिवस उभी राहील?"

"तुम्ही डॉक्टर असाल हो," मास्तरांचा आवाज चढला, "पण मापाचं मला शिकवू नका! घ्या, स्वतः मोजा! बावीस म्हणजे बावीस!"

डॉक्टरीणबाईंनी टेप हातात घेतली, टोक बघितलं आणि पुन्हा बघितलं. "मास्तर, पत्र्याच्या टोकानंतर पहिला आकडा तीन कसा?"

मास्तरांनी टेप हिसकावली. टोक न बघता बोटात धरायचं आणि नजर पलीकडच्या आकड्यावर, ही तीस वर्षांची सवय. कापडावर आखायचं ते लाकडी पट्टीने, त्यामुळे कापतानाही काही कळलं नाही. दोन इंच गायब! म्हणजे बॉबीनची बावीस खरी वीस!

"माझ्या टेपला हात कुणी लावला?"

"हिने कुरतडली," बायको म्हणाली. "व्यायच्या आठवडाभर आधी. एवढं पोट घेऊन बसलेल्या जिवावर तुम्ही ओरडला असतात, म्हणून मी फाटकं टोक कापलं आणि पत्रा पुन्हा ठोकून बसवला. दोन इंचांपायी तुम्ही अख्ख्या आळीच्या पँटी खाली आणाल, हे मला काय ठाऊक? आणि बरगड्या दिसतायत म्हणून महिनाभर कानीकपाळी ओरडतेय मी! पाच लेकरांच्या आईला टेप, आणि अंडी-दूध या बाप्याला!"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बॉबीन आपली त्यांचा हात चाटत होती. ते उठले, आत गेले, स्वतःची दोन्ही अंडी सोलून घेऊन आले. तिने ती चावलीसुद्धा नाहीत.

डॉक्टरीणबाई गेल्यावर बायकोने खणातून कोरी टेप काढली.

"आता तुम्ही उभे राहा. बघू तरी किती खंगलात ते. आधी पट्टा सोडा."

मास्तरांनी पट्टा सोडला. पँट जागची हलली नाही.