पास्कू अंकलची कंपनी

पास्कू अंकल तुमचा फोटो काढतात तेव्हा तुमच्याकडे बघत नाहीत. मान खाली घालून उभे राहतात. कॅमेरा पोटावर लटकवलेला, त्याच्या डोक्यावरचं झाकण उघडलेलं आणि अंकलचं तोंड त्या खड्ड्यात. समोरच्याला वाटतं, हा माणूस आपल्याला नमस्कार करतोय. आमच्या वाडीतल्या शेवंतीकाकीने पहिल्यांदा उलट वाकून नमस्कार केला होता. तिच्या त्या फोटोत नुसता अंबाडा आला.

त्यात वरून बघायच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. “डावीकडे सर गो... तुझ्या नाय, माझ्या... नाय नाय, कॅमेऱ्याच्या!” असं करत करत एका लग्नात नवरीकडची मंडळी विहिरीच्या काठापर्यंत पोचली होती.

या जातीच्या कॅमेऱ्याला मीडियम फॉरमॅट म्हणतात. फिल्म रुंद, निगेटिव्ह चांगली बिस्किटाएवढी, आणि अंकलच्या कॅमेऱ्यात एका रोलात फोटो बाराच. रोल मुंबईहून मागवावा लागतो, म्हणून अंकल अख्खं लग्न एका रोलात बसवतात. कोणी कुरकुर केलीच तर म्हणतात, “बारा फोटोत लगीन रवता. उरलेला काय ता जेवाण!”

आचऱ्याच्या अलीकडे त्यांची माडांची बाग आहे. घर कौलारू, माणूस एकटा, लग्न केलेलं नाही. पण संसार आहे, कॅमेऱ्याच्या कंपनीशी. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं अंकल त्या कंपनीचं नाव घेत नाहीत. नुसतं ‘कंपनी’. जगात दुसरी कुठली असेल असं त्यांच्या बोलण्यात कधी येतच नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. ही गोष्ट मी कोणापासून लपवत नाही. बी.कॉम.चं सर्टिफिकेट ओटीवर देवांच्या फोटोंच्या रांगेत लावलंय आणि शेजारचा काळ्या गाऊनमधला माझा फोटो अंकलनीच काढलाय. इंग्रजी वाचणारा माणूस म्हणून रविवारची मिस्सा आटोपली की अंकल चर्चमधून थेट माझ्या ओटीवर येतात. टोपी गुडघ्यावर ठेवतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, “काय रे ग्रॅज्वेट, कंपनी काय म्हणता?”

प्रश्न साधा नाही. अंकलच्या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवणारी किल्ली अडकायला लागलीय. घाट चढून कोल्हापूरला नेला, तर तिथल्या कारागिराने सांगून टाकलं, आता पुन्हा आणू नका, आतले भाग कुठे मिळत नाहीत. म्हणजे वाट एकच. कंपनीने नवीन कॅमेरा काढायचा, आणि तोही असा, की अंकलच्या जुन्या लेन्स त्याला बसतील. कंपनी तर काही बोलत नाही. मोठ्या कॅमेऱ्यांचं ती पुढे काय करणार, हे जगात कोणालाच ठाऊक नाही. मोबाइलवर तऱ्हेतऱ्हेची माणसं तऱ्हेतऱ्हेचे अंदाज बांधतात. कोण म्हणतं, काढणार. कोण म्हणतं, दुकान गुंडाळणार. मी वाचतो आणि अंकलना मालवणीत सांगतो.

एकदा खुद्द कंपनीचंच वाक्य सापडलं. मी वाचून दाखवलं, “सध्या जाहीर करण्यासारखं आमच्याकडे काही नाही.”

मला वाटलं, म्हातारा खचणार. अंकल उलट खुलले. “‘सध्या’ म्हटल्यांनी मां?”

“म्हटल्यांनी.”

“मगे! नाय म्हणूक नाय ते.” आणि आत बघून माझ्या आईला ओरडले, “गो, चाय टाक! कंपनी नाय म्हणूक नाय!”

तेव्हापासून, नाही म्हटलेलं नाही, हे पालुपदच झालं. पाऊस लांबला तरी, “नाय म्हणूक नाय.” वायरमन आला नाही तरी तेच.

मी स्पष्ट बोलणारा माणूस. एकदा सांगून टाकलं, “अंकल, माझ्या मित्राकडे दुसऱ्या कंपनीचो तसलोच कॅमेरो आसा. चांगल्या स्थितीत. घेवन टाका.”

अंकलनी टोपी डोक्यावर घातली. “आज कंपनी बदलूक सांगतस. उद्या म्हणशीत, पास्कू, इगर्ज बदल.” पुढचा एक रविवार ते आले नाहीत. इगर्जीत, म्हणजे चर्चला, गेले, पण माझ्या ओटीवर नाही.

त्यानंतरच्या रविवारी आले ते नारळ घेऊनच. “चल रे, देवळात जावया. गाऱ्हाणा घालूचा आसा.”

आमच्याकडे यात कोणाला नवल वाटत नाही. क्रिश्चन असले तरी अंकलच्या घरातून गावच्या देवाला वर्षाचा नारळ जातोच. अडलेलं काम देवापुढे बोलून दाखवायचं, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. बोलतो गुरव, बाकीचे हुंकार देतात. आणि देवाचं उत्तर हवं असेल तर कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

बाबल गुरवाने आधी चौकशी केली. “कंपनी खंयची? गाव सांग. देवान जावचा खंय?”

“परदेशातली.”

“समुद्राच्या पलीकडे? रे पास्कू, आपल्या देवाची हद्द खाडीपर्यंत!”

“सांगान तर बघ. कळवीत तो कोणाक तरी.”

बाबलने नारळ पुढे ठेवून सूर लावला. “बा देवा म्हाराजा! ह्यो पास्कू तुझ्या पायाकडे इलोसा. ही जी काय कंपनी आसा, तिका सुबुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी म्हणालो. बी.कॉम. असूनही मोठ्याने म्हणालो.

“तिका नवो कॅमेरो काढूक लाय, जुनी भिंगा तेका बसांदेत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

बाबल श्वास घ्यायला थांबला. “आणि काय सांगूचा आसा?”

अंकलनी मान खाली घातली. कॅमेऱ्यात बघताना घालतात तशीच. कॅमेरा मात्र गळ्यात नव्हता.

“आंतोनाचा नाव घे,” ते म्हणाले.

आंतोन म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेल्यावर अंकलनीच वाढवलेला. बोटीवर नोकरीला लागला आणि पहिल्याच रजेत त्याने हा कॅमेरा आणला. पुढच्या दर रजेला एकेक लेन्स. मग तिकडेच कुठेतरी स्थायिक झाला, एवढं मला ऐकून माहीत होतं. बाकीचं अंकलनी तेव्हा सांगितलं, देवाकडे बघत, आम्हाला नाही.

“जाताना आंतोन म्हणालो, ‘कंपनीचो नवो कॅमेरो भायर पडांदे. पोस्टान धाडूचंय नाय, मी सोता घेवन येतंय.’ मगे एकदा तेचो फोन इलो. ‘सध्या येवक जमणा नाय’ म्हणालो. त्येच्यानंतर फोन नाय.”

बाबलने आंतोनाचं नाव घेऊन गाऱ्हाणं पुरं केलं. मी हुंकार दिला. मग बाबलने सवयीने पाकळ्या भिजवायला घेतल्या. “लावतंय कौल. कळात काय ता.”

“नको!” अंकलनी त्याचा हात धरला. “कौल नको. गाऱ्हाणा पुरे.”

“अरे, पण उत्तर नको तुका?”

“देवान ‘नाय’ सांगल्यान तर?”

बाबलने पाकळ्या तशाच ताम्हनात ठेवल्या.

परतताना वाटेत मी मित्राच्या कॅमेऱ्याचा विषय काढला नाही, आता कधी काढणारही नाही.

पुढच्या रविवारी मिस्सा सुटली. अंकल आले, टोपी गुडघ्यावर ठेवली. “काय रे ग्रॅज्वेट, कंपनी काय म्हणता?”

मी मोबाइल उघडून कंपनीचं पान काढलं. तेच जुनं वाक्य होतं.

“सध्या काय नाय म्हणतत, अंकल.”

“‘सध्या’ आसा मां पण?”

मी पुन्हा एकदा नीट बघितलं. “आसा.”

“बरा तर,” म्हणून त्यांनी आत बघितलं. “गो, चाय टाक!”