बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत

निवृत्त फोरमननी आयुष्यात पहिल्यांदाच बाथरूमची फरशी घासली आणि साबणाचं पाणी तसंच ठेवून ते पेपर वाचत बसले. बायको आत गेली, पाय सटकला आणि सगळा भार उजव्या हातावर आला.

मनगट बघता बघता टम्म फुगलं. "अहो, दवाखान्यात जाऊ या," ती कण्हत म्हणाली.

"बोटं हलव बघू. हलतात ना? मग हाड शाबूत आहे. मुरगळलंय नुसतं."

नुसत्या आवाजावरून यंत्राचा बिघाड सांगणारा माणूस. त्याच्यापुढे काय बोलणार? त्यांनी मलम चोळलं आणि मनगट जागेवर बसवायला एक झटकाही दिला. तिच्या किंकाळीने शेजारचं कुत्रं भुंकत सुटलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. हात बघताच तिने आईला गाडीत घातलं. बाबा न बोलावता मागे बसले.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "हाड मोडलंय. या वयात पडायचं निमित्त पुरतं. पण हात ओढला कोणी?"

फोरमन भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र निरखू लागले.

"दारात अडकला होता," बायको म्हणाली.

ते खोटं फोरमनना आतपर्यंत लागलं. "ऑपरेशनच करून टाका," ते घाईघाईने म्हणाले. "पट्ट्या, स्क्रू, लागेल ते घाला."

"गरज नाही. प्लास्टर पुरेल. मनगट जरा वाकडं राहील, पण कामाला येईल."

"वाकड्याशी जमवून घ्यायची सवय आहे मला," बायको म्हणाली. मुलगी खिडकीबाहेर बघून हसली.

मग फोरमननी घर हाती घेतलं. दूध उतू गेलं, भात करपला, पण बायकोची वेणी ते रोज न चुकता घालत. तोंड दिसत नसल्यामुळे तेव्हाच त्यांना धीर येई.

"अगं, त्या दिवशी मी..."

"तीन पेड घ्या हो, दोन नाही," ती म्हणे आणि माफी घशातच राही.

प्लास्टर निघालं. हात वळू लागला. "पण वेणी नाही हो जमत अजून," ती म्हणाली. फणी फोरमनकडेच राहिली.

एका सकाळी ते मागच्या दाराने घरी आले, तर बायको अंगणात भिजलेली चादर पिळत होती. त्याच वाकड्या मनगटाने, थेंबही मागे न ठेवता.

फोरमन जागच्या जागी थांबले. मग पाय न वाजवता मागे फिरले, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी गेले आणि चांगले मोठ्याने खोकले.

आत गेले तेव्हा ती हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसली होती.

"दुखतोय?"

"दुखतोय ना."

"बस. फणी आणतो."