आबांची चांदणीवाली

आमचे शेजारी रंगनाथ आबा मोटारीचे दात बघतात. कुणाच्याही दारात नवी गाडी आली की धोतराचा सोगा सावरत आबा तिथं हजर होतात, पुढच्या जाळीपाशी उकिडवे बसतात आणि आत बोट घालून निरखतात. मग टपावर एक थाप. मग चारी चाकांना पायानं ठोसा, कारण "खूर बगितल्याबिगर जनावर घिऊ न्हाई." शेवटी दोन पावलं मागं सरून हुकूम सोडतात, "जरा चालवून दाव." गाडी गल्लीच्या टोकाला जाऊन येते, आबा डोळे बारीक करून तिची चाल बघतात आणि निकाल देतात. आमच्या गाडीला त्यांनी "हाडं निघाल्याली हायती, पन गुनाची हाय" असं म्हटलं, तेव्हा माझा नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जणू मीच ते म्हटलं होतं.

आता यात आबांचा तरी काय दोष? आमच्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं दलाली केली. दलाल म्हटल्यावर तुम्ही मनात जे चित्र काढलं असेल, ते पुसून टाका. आबा गिऱ्हाइकाला जनावराची खोड आधी सांगत. "दिसायला राजा हाय, पन नांगराला जुपला की बसतो. पटलं तर घ्या, न्हाई तर च्या पिऊन जावा." अशा माणसाचं पोट कसं भरलं, हे गणिताची मास्तरीण असून मला आजवर सुटलेलं नाही. पण लांबलांबून लोक येत ते आबांच्या शब्दावर. आबा हो म्हणाले की डोळे झाकून दावं हातात घेत.

आबांच्या लेखी सगळ्या गाड्या म्हणजे जनावरं. एक सोडून.

ती गाडी जर्मनीची. नाकावर तीन टोकांची चांदणी मिरवते ती, म्हणजे तुम्हाला कळलंच असेल. आबा तिचं नाव घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं 'ती', 'चांदणीवाली', फार तर 'जर्मनची'. मला वाटलं जीभ वळत नसेल. एकदा विचारलंच.

"बाई, त्ये एका पोरीचं नाव हाय," आबा म्हणाले. "एक बडं गिऱ्हाईक हुतं कंपनीचं. त्यानं हट्ट धरला, गाडीला माझ्या लेकीचं नाव द्या. आन् दिलं की त्यांनी! आता तुमीच सांगा, दुसऱ्याच्या लेकीचं नाव असं बाजारात उभं ऱ्हाऊन घ्यावं का मानसानं?"

तेव्हापासून मीही ते नाव घेत नाही, इथंही घेणार नाही.

या प्रेमाची सुरुवात चिखलात झाली. फार वर्षांपूर्वी एका पावसाळी बाजारात कुणा बड्या पाहुण्याची चांदणीवाली बाजारतळावर रुतली. चाकं जागच्या जागी फिरत होती आणि बघ्यांच्या अंगावर चिखल उडत होता. आबांनी विकायला आणलेली खिलार जोडी जुंपली आणि गाडी बाहेर काढली. पाहुण्यानं खिशात हात घातला, तर आबा म्हणाले, "पैसं नगं. एकदा दार लावू द्या."

त्यांनी दार उघडलं आणि लावलं.

"ढप्प!" हे सांगताना आबा अजून डोळे मिटतात. "ज्वारीचं पोतं हळूच खाली ठिवल्यावानी. किरकिर न्हाई, खडखड न्हाई. बाई, ज्या गाडीचं दार असं लागतं ना, तिच्या आतल्या मानसाला कशाचं भ्या न्हाई." त्या दिवसापासून ज्या गाडीचं दार हाताला येईल, ते आबा लावून बघतात, ऐकतात आणि मान हलवतात. न्हाई. त्यो आवाज न्हाई.

गाडीचा इतिहास त्यांना त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, वाचून दाखवला. ती तेव्हा कॉलेजात होती आणि कुठून कुठून वाचून बापाला सांगायची. चांदणीची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि आभाळ, हे कळल्यावर आबा म्हणाले होते, "आपल्या भागात पान्याचं टोक तेवढं मोडल्यालं हाय." पण त्यांची खरी आवडती गोष्ट वेगळीच. ती त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मी ती आता झोपेतही म्हणेन.

"चांदणीवालीचा मूळपुरुस, पयली मोटार ज्यानं केली ना, तीन चाकांची, त्यालाच ती रस्त्यावर काढायचा धीर न्हवता. ठिवली हुती झाकून. मग बायकूनं काय केलं? सकाळी उठली, दोन पोरं घेतली, नवऱ्याला न सांगता गाडी काढली, आन् चालली म्हायेरी! शंभर किलोमीटर! तेल सपलं, तर औषधाच्या दुकानातनं डाग काढायचं औषध घेतलं, त्ये वतलं. नळी तुंबली, तर टोपीची पिन काढून घातली. ब्रेक झिजला, तर चांभाराकडनं चामडं मारून घेतलं. चढाला पोरांनी ढकलली. पन पोचली! म्हायेरी जाऊन नवऱ्याला तार केली, पोचले म्हनून."

"आणि परत कशी गेली?" मी विचारते.

"त्ये आपल्याला काय करायचंय?" आबा करवादतात. "पोचली न्हवं?"

"पोचली न्हवं?" हे त्यांचं पालुपद. एसटी उशिरा आली, निकाल उशिरा लागला, पाव्हणा वाट चुकला, तरी एकच. पोचली न्हवं? मग झालं.

या गोष्टीपायी घरात काय झालं, ते मला आबांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, सांगितलं. वैशालीला गोष्ट वाचून दाखवता दाखवता स्वतःच गाडी चालवायची ओढ लागली. दारात जनावरं वाहायची पिकअप होती. आबांनी किल्ली दिली नाही. "बाईमानसाचं काम न्हाई त्ये," एवढंच. जर्मनीच्या बाईचं कौतुक करणारा माणूस घरच्या पोरीला असं म्हणतो, याचं काकींनाही नवल वाटलं होतं. पुढं वैशाली लग्न होऊन कोपरगावला गेली. दर दिवाळीला आबा स्वतः मुराळी म्हणून तिला आणायला जायचे. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ते गेले, तर ती पिशवी घेऊन पिकअपच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसलेली. म्हणाली, लायसन काढलंय, मी चालवते. आबा सासरच्या सगळ्या माणसांदेखत ओरडले, "खाली उतर! ह्यो काय भातुकलीचा खेळ हाय?"

ती उतरली. पिशवी घेऊन घरात गेली आणि उंबऱ्यातून म्हणाली, "आता मुराळी येऊ नका. यायचं झालं तर माझी मी येईन, स्वतः चालवत."

तीन दिवाळ्या गेल्या. आईला फोन यायचे, पण वैशाली आली नाही. आबांनी पिकअपच्या कपाळावरची 'आई-वडिलांची कृपा' खरवडून तिथं 'वैशाली' असं रंगवून घेतलं आणि कोपरगावला कळवलं मात्र नाही. कळवायचं कसं असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. मला त्यांचा रागही येई आणि दयाही.

आणि मग या दिवाळीच्या तोंडावर काकींचा फोन वाजला. वैशालीनं जुनी, छोटी गाडी घेतली होती. उद्या सकाळी सासूबाईंना मागं बसवून ती निघणार होती. एकटीच चालवत.

आबा तडक माझ्याकडं आले. "बाई, कोपरगाव ते हितं किती किलोमीटर?"

"शंभराच्या आतबाहेर."

आबांचा चेहरा उतरला. "म्हंजे त्या जर्मनच्या बाईयेवढंच की," ते म्हणाले, आणि छत्री घेऊन बाहेर पडले. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. छत्री कशाला घेतली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी कळलं की आबा तिच्या वाटेवरच्या सोनईला जाऊन आले. तिथल्या औषधाच्या दुकानदाराला सांगून आले होते, की माझी पोरगी गाडी घेऊन येणार हाय, तिला लागलं तर डाग काढायचं औषध तयार ठेवा. दुकानदारानं चिठ्ठी मागितली, म्हणून त्याच्याशी भांडलेही होते. शिवाय एका चांभारदादांना पेटीसकट रस्त्याच्या कडेला बसायला पटवलं होतं. आणि गावाच्या अलीकडच्या ओढ्याला जो चढ लागतो, तिथं वस्तीवरच्या दगडूभाऊला बैलजोडी घेऊन उभं राहायला सांगितलं होतं.

"आबा, आता रस्त्यात पेट्रोल पंप असतात," मी म्हणाले.

"असत्यात. बंद असला तर?"

"आणि बैल कशाला?"

"चढाला तिच्यापाशी पोरं न्हाईत ढकलायला. म्हातारी सासू ढकलनार हाय का?"

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आबा गेले नाहीत. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा, त्यामुळं दोन व्यापारी घरी येऊन तब्येत विचारून गेले. मी हिशेब मांडून दिला होता, की आठला निघाली तर अकराला येईल. साडेअकरा झाले. बारा झाले. काकी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या ताटात घेऊन उभ्या होत्या, त्यांचा हात भरून आला. आबांनी फोन लावला, तिनं उचलला नाही. "गाडी चालवताना उचलत नाहीत," मी म्हणाले. एक वाजला. आबा पिकअपला टेकून उभे होते, बरोब्बर तिच्या नावाखाली, आणि मला म्हणाले, "बाई, तवाच किल्ली दिली असती, तर माझ्यादेखत शिकली असती. हात बसला असता तिचा. आता कुनी कसं शिकिवलंय, काय ठावं."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे निघालं.

तेवढ्यात घुंगरं वाजली.

गल्लीच्या तोंडाशी दगडूभाऊ दिसला, मग त्याची बैलजोडी, आणि बैलांच्या मागं दोराला बांधलेली एक लाल गाडी. आत वैशाली बसली होती, गाडीइतकीच लाल झालेली. मागच्या सीटवर सासूबाई रथात बसल्यासारख्या दोन्ही बाजूंना बघत होत्या.

"आबा!" काच खाली करून वैशाली ओरडली. "गाडीला काही झालेलं नाही! या भाऊंनी बैल रस्त्यात आडवे घातले. मी थांबले, तर म्हणाले, चढाला थांबली की जुपा असं आबांनी सांगितलंय! त्याआधी त्या चांभारदादांनी दीड तास सोडलं नाही. म्हणे ब्रेकला चामडं लावून घ्या, पैसे पोचलेत!"

गल्ली हसायला लागली. वैशालीच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. "तुम्हाला सांगितलं होतं ना, मी माझी येईन म्हणून? तरी तुम्ही ओढतच आणलंत!"

आबांचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, झालं, आता ही इथूनच परत फिरते. पण आबा पुढं झाले. त्यांनी स्वतः दोराची गाठ सोडली, बैल बाजूला घेतले आणि खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माझं. तवाबी चुकलं, आताबी. तू माघारी जा वड्यापतुर. तिथनं परत ये. तुझी तू."

वैशाली बघतच राहिली. मग तिनं गाडी वळवली, आमच्या त्या अरुंद गल्लीत, एका दमात. सासूबाईंसकट ओढ्यापर्यंत गेली. आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. थोड्या वेळानं लाल गाडी चढावर दिसली, चढ चढली, वळण घेतलं, शेळ्यांच्या कळपाला वाट दिली आणि आबांच्या पुढं हातभर अंतरावर येऊन थांबली. आबांनी धरून ठेवलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला. मीही माझा सोडला.

"पोचले न्हवं?" खिडकीतून वैशाली म्हणाली. ती आता हसत होती.

काकींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चाकांवर पाणी घातलं. आबांनी दात बघितले नाहीत. खुरं बघितली नाहीत. वैशाली खाली उतरली आणि तिनं मागं दार लोटलं.

टण्ण!

पत्र्याच्या डब्याचं झाकण पडावं, तसा आवाज. सगळ्यांनी ऐकला. बापाचं दाराचं वेड तिला माहीत होतं, ती ओशाळली. "जुनी आहे हो आबा. दार जरा..."

आबांनी हात करून तिला थांबवलं. दार उघडलं. परत लावलं. टण्ण. डोळे मिटून ऐकलं.

"ह्योच," ते म्हणाले. "ह्योच आवाज. त्या दिशी बाजारात ऐकल्याला. इचारा बाईंना."

चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी एकदाही खोटं न बोललेला माणूस माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या पापण्या ओल्या होत्या.

"हो," मी म्हणाले, "अगदी हुबेहूब." त्या चांदणीवालीचं दार मी जन्मात कधी ऐकलेलं नाही.