चंदनाचं मौन

"तारा काढल्या म्हणजे सुटलात असं समजू नका," मिरजेच्या दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. "रोज रात्री ही प्लेट टाळूला बसवायची. नाहीतर दात परत जुन्या जागेवर जातील."

"दात म्हणजे काय म्हशी आहेत, दावं सोडलं की गोठ्याकडं जायला?" एस्टीत बसल्यावर त्रिशला नवऱ्याला म्हणाली. बी. ए. झालेली बाई; तिला काही हे पटेना. प्लेट डब्यात गेली. दिवाळीपर्यंत लेकीचे, चंदनाचे, पुढचे दोन दात भावकीत वाद झाल्यासारखे एकमेकांकडं पाठ फिरवू लागले, आणि त्रिशलाची झोप उडाली. मिरजेला जाऊन तिनं प्लेट पुन्हा जुळवून आणली.

सासूबाई जपमाळ ओढत होत्या. "जैनाच्या घरात दिवं लागल्यावर तोंडात काय घालायचं न्हाय."

"आत्याबाई, हे खायचं नव्हे."

"मग तोंडात कशाला घालतीस?"

यावर त्रिशलानं बी. ए.ची पुस्तकंसुद्धा उघडून पाहिली. शेवटी तोड निघाली: सूर्य मावळायच्या आत प्लेट तोंडात, उजाडल्यावर बाहेर. पण प्लेट लावून चंदना बोलायला गेली की शब्दांआधी शिट्टीच वाजे. लाजून ती संध्याकाळभर ओठ मिटून बसू लागली.

"पोरगी बोलंना का झालीया वो?" शेजारच्या शालूबाईंनी विचारलं.

सुनेचं दातांचं खूळ सांगायची सासूबाईंना लाज वाटली. "मौन धरलंय तिनं."

झालं! बस्तीतल्या देवळातून देवदर्शन करून येणाऱ्या बायका वाट वाकडी करून चंदनालाही बघायला येऊ लागल्या. "एवढीशी पोर, बघा की!" कुणी तिच्या हातात नारळ ठेवी. त्रिशलाच्या अगदी ओठावर खरं येई; पण निदान दात तरी जागेवर राहतायत, असं म्हणून ती नारळ आत नेऊन ठेवी.

सुट्टीत चंदना कुरुंदवाडला आजोळी गेली. त्रिशलाचा धाकटा भाऊ तवनाप्पा बाजाराला कोल्हापुरात आला, तो बहिणीच्या दारात डोळे पुसतच. "अक्का, पोर न्हवं, साध्वी हाय! दिवं लागलं की एक शब्द न्हाय."

गप्प आहे म्हणजे प्लेट लावते, असं समजून त्रिशला समाधानानं हसली, आणि चंदनाची गादी उन्हात टाकायला उचलली. खाली प्लेट! म्हणजे पोर तिकडं प्लेटशिवायच गप्प बसत होती.

रोज लेकीचे दात निरखणाऱ्या तिला मिटल्या ओठांमागं काय चाललंय ते कळलंच नव्हतं. तिनं प्लेट भावाच्या हातात कोंबली. त्यानं ती कपाळाला लावून रुमालात बांधली.

"देव्हाऱ्यात ठेवतो, अक्का."

"देव्हाऱ्यात नव्हे रे, तोंडात!" ती ओरडेपर्यंत तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला होता.

तेव्हापासून कुरुंदवाडकडं जाणाऱ्या प्रत्येकाला त्रिशलाचं एकच सांगणं आहे, तुम्हांलाही तेच: संध्याकाळी त्या पोरीपाशी जरा बसून या. काही विचारू नका, ती बोलायची नाही. नुसतं हसवा. दात दिसले तर बघाच. आणि हसताना ती खुशीत आहे का, तेवढंही बघा.